बाराच्या आत

एक्सरे स्क्रीनवर उमटला आणि मी तिकडे पाठ करून हातमोजे काढत राहिले.

"काय झालं वो बाई?" खुर्चीतून कडूबाईंनी विचारलं. "झालं ना बरोबर?"

मी मान हलवली. हो म्हणून.

चातुर्मासात सोमवारी बारापर्यंत मी बोलत नाही. परभणीत माझ्या दातांच्या दवाखान्याला पंधरा वर्षं झाली, पेशंटना हे ठाऊक आहे. तेवढा वेळ माझ्या वतीनं धम्मशीला बोलते, माझी मदतनीस. झरीहून आलेल्या कडूबाईंनाही तिनंच सांगितलं होतं, "मॅडमचं मौन हाय, मावशी. दुखलं तर हात वर करा."

त्यांच्या दाढेचं मूळ टोकाशी विळ्यासारखं वळलेलं. अशा मुळाचं रूट कॅनॉल करताना आधी सगळ्यात बारीक फाईल, म्हणजे सुईसारखी कानस, घ्यायची, तिचं टोक जरासं वाकवायचं, पाव फेरा आत, बाहेर, धुवायचं, मग जरा जाड, पुढच्या नंबरची. आतली वाट रुंद व्हावी, पण तिचं वळण तसंच राहावं. याला पाऊण तास लागतो. मला बाराला पूजेला बसायचं होतं. मी मधले तीन नंबर गाळले आणि जाड, ताठ फाईल रेटली. ती वळली नाही. तिनं आपली वेगळीच वाट कोरली. एक्सरेत मूळ एकीकडे वळत होतं आणि माझी फाईल सरळ त्याच्या कडेत रुतली होती. टोकाची सडकी नस आतच राहिली होती.

धम्मशीलानं स्क्रीन पाहिली. नऊ वर्षं ती हे फोटो पाहते आहे.

"मॅडम," ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशीला काय सांगू?"

मी घड्याळाकडं बोट केलं. साडेअकरा. बारानंतर बघू, असं.

"बाराला त्या एसटीत असतील. मौन तुमचं हाय, मॅडम, माझं न्हाई. मी खोटं सांगणार न्हाई."

माझे कान तापले. खरं तर त्या क्षणी देव माझ्या मनातही नव्हता. गप्प राहायला कारण आहे, याचंच मला बरं वाटत होतं.

"कडूबाई," मी म्हणाले. "माझ्या हातून चूक झाली. मी घाई केली. मुळातली वाट बिघडली. गुरुवारी पुन्हा प्रयत्न करते, पण दाढ वाचेलच असं नाही."

त्या दचकून उठून बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं माय! बोललात की वो तुमी!" बधिर जिभेवर शब्द अडखळत होते. "माझ्या एका दाढंपायी मौन मोडलं? मला पाप लागंल की."

"तुम्हाला कशाला लागेल? चूक माझी आहे."

"दाढंचं काय, दुसऱ्या हायत. तुमचं कसं व्हायचं?"

धम्मशीला तोंड फिरवून ट्रे आवरू लागली.

दारापाशी कडूबाईंनी चपला घातल्या, परत काढल्या आणि माफी मागावी तशा माझ्या पायांशी वाकल्या. माझ्या आईच्या वयाची बाई. मी मागं सरेपर्यंत त्यांनी माझ्या पायांना लावलेला हात कपाळाला लावलाही होता.