नोएमीचं पोट

आमच्या गावात पोट दुखलं की लोक आधी माझ्याकडे येतात, मग चर्चमध्ये, आणि अगदीच नाइलाज झाला तर दवाखान्यात. चाळीस वर्षं मी पोटं चोळते आहे. तव्याला मक्याची भाकरी चिकटावी तसं अन्न पोटाच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं; त्याला आम्ही एम्पाचो म्हणतो. कोमट तेलाने पोट चोळायचं, पाठीची कातडी चिमटीत धरून कट्ट आवाज येईपर्यंत ओढायची, वरून एरंडेल पाजायचं. बहुतेकांना बरं वाटायचं. गावात मला मानाने दोन्या फिलो म्हणतात. आख्ख्या होंडुरासात असे हात नाहीत, असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

ओबदुलिया तिच्या नऊ वर्षांच्या नोएमीला घेऊन आली, तेव्हा पोरगी कमरेत वाकली होती.

"काय गिळलंस गं भवाने?" मी विचारलं.

"कच्चे आंबे. मीठ लावून पाच," आईनेच सांगितलं. "दोन्या फिलो, काल बेंबीपाशी दुखत होतं, आज उजवीकडे खाली सरकलंय."

"सरकलंय म्हणजे उतरतंय. चांगलंच आहे की."

"नऊची बस आहे. दवाखान्यात नेऊ का?"

"ने ना! गेल्या गेल्या सुई टोचतील. एम्पाचोत सुई टोचली की माणूस जगत नाही, हे तुझ्या आजीलासुद्धा माहीत होतं. तुला नाही?"

ती खजील झाली. बस निघून गेली.

उजवीकडे बोटं दाबली की नोएमी किंचाळायची. "आजी, तिथे नको ना!" मी तिथेच जोर लावला, कारण गोळा तिथेच होता. मग एरंडेल पाजलं. दुपारी दुखणं एकदम थांबलं. पोरगी हसलीसुद्धा.

"बघ, सुटला गोळा," मी ऐटीत म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तिचं पोट फळीसारखं कडक झालं आणि अंग भाजू लागलं. शेजाऱ्याच्या पिकअपमधून आम्ही तिला शहरात नेलं. तिथे सुई टोचली, सलाईन लावलं, पोट उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरीणबाईने मला एकटीला बाजूला घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदावर आतडी काढून दाखवली. जठरात अन्न घुसळलं जातं, लहान आतड्यात त्याचा कस शोषला जातो, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. आणि दोन्ही आतडी जुळतात तिथे करंगळीएवढी एक बंद पिशवी लोंबते. ती सुजली होती. चोळण्याने आणि एरंडेलाने ती फुटली.

"फुटल्यावर थोडा वेळ दुखायचं थांबतं," ती म्हणाली.

"अशी पिशवीबिशवी काही नसते," मी तडकले. "जन्मभर डुकरांची आतडी धुतली आहेत मी."

"डुकराला नसते, आजी. माणसाला असते."

नोएमीच्या आत्म्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, त्या दुपारी ओबदुलिया माझ्या दारात आली. तिने माझे दोन्ही हात धरले.

"मला माफ करा, दोन्या फिलो. तुम्ही बजावलं होतं. मीच घाबरले, मीच सुई टोचू दिली. माझ्या पोरीला मीच मारलं."

एका वाक्यात तिचं ओझं उतरलं असतं. मला भीती वाटली, स्वतःची किळसही आली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "रडू नको पोरी. देव माफ करेल तुला."