शून्य आकड्याचं टाकं

पंक्चरवाला आपल्याच संडासाच्या टाक्यावर उकिडवा बसून झाकणाच्या कडेनं साबणाचं पाणी फिरवत होता आणि बायको मागं उभी राहून त्याची अक्कल काढत होती.

"अहो, ते टाकं आहे. ट्यूब नाही."

"हवा जात असेल तर बुडबुडा यायला पाहिजे. सायकल असो नाहीतर टाकं."

"मग येतोय का बुडबुडा?"

"येत नाही, तेच तर दुखणं आहे."

दुखणं आदल्या दिवशी सुरू झालं होतं. शहरातून मोजणीवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडं एक पिवळी बादली होती, बादलीला नळी, नळीला डबी आणि डबीवर आकडा. घरातलं सांडपाणी टाक्यात साचतं, कुजतं, त्यातून वायू निघतो आणि वर जाऊन सगळ्या जगाची हवा तापवतो. तो कुठल्या घरातून किती निघतो हे बाई मोजणार होत्या. शाळेपुढं गाव गोळा करून त्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. पण त्या वेळी गाव बादलीकडं बघत होतं. चांगली नवी बादली बाई टाक्यावर पालथी का घालतात, यावरून दोन तट पडले होते आणि प्रकरण बाचाबाचीपर्यंत आलं होतं. त्या गडबडीत बाईंचं बोलणं वाऱ्यावर गेलं.

आकडा मात्र सगळ्यांनी बघितला. बाई टाक्यावर बादली पालथी घालायच्या, डबीत बघायच्या आणि दारावर खडूनं आकडा लिहायच्या. गिरणीवाल्याच्या दारावर बेचाळीस लिहिला गेला. तो ओट्यावर आला, आकड्याकडं बघितलं आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "असणारच. आमच्यात खाणारी तोंडं आहेत आणि पचवणारी पोटं आहेत." तेवढं गावाला पुरलं. मोठा आकडा म्हणजे भरलेलं घर, हे तिथल्या तिथं ठरून गेलं.

पंक्चरवाल्याच्या दारावर शून्य आलं.

"बाई, परत बघा की," तो म्हणाला. "घरात तिघं आहोत. तिघंही रोज जातो."

"चांगलंच आहे की, काका," असं म्हणून बाई हसल्या आणि पुढच्या घराकडं वळल्या.

ते हसणं पंक्चरवाल्याच्या काळजात काट्यासारखं घुसलं. फाटका सदरा घातलेल्या माणसालाही लोक असंच 'चांगलं आहे' म्हणतात.

हे सगळं त्यानं थंडपणे गिळलं असतं. पण त्याच्या मुलीचं आणि गिरणीवाल्याच्या मुलाचं जमत आलं होतं. दळणाच्या डब्याआडून दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. फक्त मोठ्यांनी मान डोलवायची बाकी होती. दुपारी गिरणीवाला दुकानासमोर येऊन उभा राहिला. खाली बसलासुद्धा नाही.

"अरे, तुझी मुलगी चांगली आहे. पण शून्याच्या घरातली सून आणायची म्हणजे लोक काय म्हणतील? उपाशी घरातली पोरगी उचलून आणली म्हणतील."

"उपाशी? आत्ताच जेवून ढेकर देऊन बसलोय."

"ढेकर कुठं मोजलाय? मोजलंय ते सगळं गाव वाचतंय. महिन्याभरानं बाई परत येणार आहेत. आकडा आला तर बोलू."

घरी येऊन त्यानं साबणपाणी केलं, त्याची ही हकीकत. बुडबुडा नाही म्हणून तो कपाळाला हात लावून बसला असताना बायको सवयीनं हातात बाटली घेऊन संडासाकडं निघाली.

"काय आहे गं ते?"

"फिनेल. सकाळ-संध्याकाळ ओतते. म्हणून तर आपल्याकडं वास नाही."

मुलगी दारात उभी होती. गावात बाईंचं बोलणं ऐकणारी बहुधा ती एकटीच, आणि तिनंही अर्धंच ऐकलं होतं. उरलेल्या वेळात ती गिरणीवाल्याच्या मुलाकडं बघत होती. "आई! आत जंतू असतात, ते कुजवतात तेव्हा वायू होतो म्हणे. तू तर सगळे मारून टाकलेस!"

"मग काय पाळायचे होते?" आई म्हणाली.

"हो!" बाप-लेक एकदम ओरडले.

पंक्चरवाल्यानं फिनेलची बाटली हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि टाक्याचा संसार मांडायला घेतला. दूधवाल्याकडून शेणाच्या पाट्या आणून ओतल्या. खरकटं पाणी, ताकाची भांडी विसळलेलं पाणी, सगळं तिकडं वळवलं. शेजारच्या म्हातारबांना जाऊन हात जोडले, "काका, सकाळचं आमच्याकडंच येत जा."

"एवढ्या लांब?"

"भिंतीला भिंत आहे, काका."

"माझ्या वयाला ते लांबच." पण आले. मग मावशी आली, मावशीचा जावई आला. त्यांचं बघून गल्ली आली. मुलीच्या लग्नाचं काम म्हटल्यावर कुणी मागं राहीना. सकाळी पंक्चरवाल्याच्या अंगणात रांग लागायची आणि रांगेत सगळ्यात पुढं, आंघोळीआधीच केस विंचरून, गिरणीवाल्याचा मुलगा उभा असायचा. बापाला चोरून तो गल्ल्या ओलांडून यायचा. मुलगी त्याच्या हातात पाण्यानं भरलेला डबा द्यायची आणि मान खाली घालायची. प्रेमात लोक विहिरीत उड्या मारतात, त्या मानानं हे बरंच उपयोगी होतं.

आईचे मात्र हाल झाले. फिनेलची जुनी रिकामी बाटली हुंगत ती कोपऱ्यात बसून राही. "माझ्या हयातीत माझ्या दाराला वास आला," एवढंच म्हणे.

बाई परत आल्या त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बादली पालथी पडली. आकडा हलला, दहावर गेला, तीसवर गेला. बेचाळीस मागं पडले तेव्हा गिरणीवाल्याचा हात मिशीवरून खाली आला. एक्क्याण्णववर आकडा थांबला आणि पंक्चरवाल्यानं दुकानातल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या वाजवायला लावल्या.

बाईंनी डबी दोनदा झटकून बघितली. "काका, काय केलंत हे? तुमचं घर गावात सगळ्यात चांगलं होतं!"

"होतं म्हणजे?"

"अहो, हा वायू वाईट! जितका आकडा मोठा, तितकं नुकसान. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?"

या वेळी बादलीकडं कुणीच बघत नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. अंगण बघता बघता मोकळं झालं. गल्ल्यागल्ल्यांतून ओल्या फडक्यानं दारं पुसल्याचे आवाज यायला लागले. ज्याच्या दारावर तीन होता, तो मात्र आपलं दार कुणाला पुसू देईना. संध्याकाळी तो गावातून छाती काढून फिरला.

पंक्चरवाला दोन दिवस मुलीच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी गिरणीवाला सायकल हातात धरून दुकानात आला आणि न सांगता बाकावर बसला.

"हवा बघा जरा."

पंक्चरवाल्यानं चाक दाबलं. चाक दगडासारखं घट्ट होतं. 'अरे'वरून 'अहो'वर आलेला माणूस हवा भरायला आलेला नसतो, हे त्याला कळलं. तरी त्यानं पंप लावला.

"पोरासाठी वरच्या गल्लीत विचारलं होतं. त्यांनी स्थळ फिरवलं," गिरणीवाला जमिनीकडं बघत म्हणाला. "बेचाळीसच्या घरात मुलगी देणार नाहीत म्हणे."

"आमच्या एक्क्याण्णवला तर कुणी दारात उभं करत नाही."

"म्हणजे तुमच्यापेक्षा आम्ही बरे."

"निम्म्याहून बरे," पंक्चरवाल्यानं मान्य केलं. "पण आता मलाही विचार करावा लागेल. बेचाळीसच्या घरात पोरगी द्यायची म्हणजे चार लोकांना विचारायला—"

"चालेल म्हणावं!" आतून मुलीचा आवाज आला.

गिरणीवाल्यानं निःश्वास सोडला. पंक्चरवाला मान खाली घालून पंप मारतच राहिला. टायर फुगून रिमबाहेर डोकावायला लागलं.

"अहो, बस्स करा. फुटेल!"

"फुटू दे," तो म्हणाला. "सोयऱ्यांच्या सायकलीत हवा कमी भरली, असं कुणी म्हणायला नको."