बिनकराची पर्स

मी पर्स आहे. बाजारी नव्हे, वासराच्या चामड्याची, सोनेरी कडीची. सिडनीच्या दुकानात मी काचेआड बसायचे आणि तिथली पोरगी मला हातमोजे घालून उचलायची. आज माझ्या पोटात मासे आहेत. ते कसे आले ते सांगते, मध्ये बोलू नका.

मला घेतलं आसिनातेने. बाई मूळची फिजीची, सिडनीत म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. तिला एवढी महाग पर्स कशाला, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या चर्चमध्ये एक तोरिका आहे, तीही फिजीचीच, हातात कायम भारी पर्स. तिने सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं, "आसिनाते, त्या पिशवीत बायबल आहे की कसाव्याचे कंद गं?" बायका हसल्या. आसिनातेला ते हसणं बंद करायचं होतं, म्हणून मी.

भाचीच्या लग्नाला फिजीला जायच्या तोंडावरच तिने मला घेतलं. देशाबाहेर नेलेल्या मालावरचा कर विमानतळावर परत देतात. खिडकीपाशी तिने मला दाखवलं, कागद पुढे केला, काम झालं. अट एकच होती. मला परत आणलं तर तसं सांगायचं आणि कर भरायचा. आसिनातेला मला परत तर न्यायचं होतं, फक्त सांगायचं नव्हतं. माणसांची ही खोड मी दुकानातच पाहिलीय. पर्सला पैसे मोजताना मागेपुढे बघत नाहीत, कराचं नाव काढलं की खिसा शिवून घेतात.

गावी उलामिला आत्या होती, आसिनातेच्या बापाची थोरली बहीण. गावचे बाप्येही तिच्यापुढे मान खाली घालून बसतात. चुलीपाशी आसिनातेने तिला सगळा बेत सांगितला.

"आत्या, नवीकोरी दिसली तर तिकडे उतरल्यावर पकडतील."

आत्याने मला मऊ खोळीतून ओढून काढलं, उलटंपालटं केलं. "मग जुनी करू. दे माझ्याकडे चार दिवस."

"जपून हं, आत्या."

"जपून जुनी कशी करतात? शिकव मला."

झालं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात. आत अळूचे मातकट कंद, त्यावर नारळ, त्यावर मासे. परतल्यावर मला चटईवर टाकलं तर कोंबडी येऊन बसली. कडीला ओरखडे पडले, तळाशी माती साचली. पण खरं सांगते, खोळीत मी मेलेली होते. इथे मासेवालीने मला थोपटलं, लग्नात म्हाताऱ्यांनी माझ्यावर कोपर टेकून गप्पा हाणल्या. मला कुणी विचारलं नाही म्हणून, नाहीतर मी तेव्हाच म्हटलं असतं, मला इथेच ठेवा.

निघायच्या दिवशी आसिनातेने मला पाहिलं, नाक लावलं आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, थोडी जुनी म्हटलं होतं मी. हिला माशांचा वास येतोय. तिकडे विमानतळावर कुत्री हुंगतात."

"हुंगू दे. कुत्र्यांनाही आवडेल." मग आत्याने आवाज खाली आणला. "आसिनाते, केरेकेरे."

आसिनातेचं तोंड उतरलं. नात्यातल्या माणसाने तो शब्द उच्चारला की वस्तू त्याची. नाही म्हटलं तर आईच्या नावाला बट्टा. याच शब्दाने या घरातून होडी गेली, गाय गेली, आसिनातेच्या बापाचा कोट गेला.

"आत्या, दुसरं काहीही माग."

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

"तुझ्या मनात पहिल्यापासून होतं."

"पहिल्यापासून नव्हतं. मासेवालीने विचारलं ना, कुठून आणलीस, तेव्हापासून."

बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. आसिनाते मला मांडीवर घेऊन बसली, पासपोर्ट आणि किल्ल्या माझ्यात टाकल्या. मला उचलून निघून गेली असती तर कुणी आडवं येणार नव्हतं. तिला डोळ्यांपुढे तोरिका दिसत होती, मला कळत होतं. मग तिने माझ्यातून पासपोर्ट काढला, किल्ल्या काढल्या, आणि मला आत्याच्या दंडात अडकवलं. आत्याने तळवे वाटीसारखे करून टाळ्या वाजवल्या, रीतीप्रमाणे. आसिनाते रडत रडत हसली. "थेरडे," म्हणाली, आणि गेली.

रविवारी तिचा फोन आला.

"विमानतळावर काही विचारलं का?" आत्या म्हणाली.

"विचारलं. पर्स आत्याकडेच राहिली म्हटलं. खरंच बोलत होते, म्हणून सरळ डोळ्यात बघून सांगितलं."

"आणि ती तोरिका?"

"माझ्या हातात जुनी पिशवी बघून म्हणाली, आला का कसावा परत? मी म्हटलं, पर्स आत्याने मागितली, दिली. पण तोरिका, तुझी अजून तुझ्याकडेच कशी? तुझ्या घरचं कुणी काही मागत नाही का गं तुझ्याकडे?"

"मग?"

"मग बायका हसल्या. या वेळी माझ्याकडे बघून नाही."

आता मी चुलीशेजारच्या खिळ्यावर असते. काल एका खेकड्याने आतून अस्तर कुरतडलं, दुकानातली पोरगी बघती तर भोवळ येऊन पडती. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण खोळीत गुदमरत असेल तर तिला बाजार दाखवा, बायांनो. आणि आत्या घरी येणार असेल तर माझ्या त्या बहिणीला मुद्दाम दारापाशीच टांगा. बघू तुमची छाती केवढी आहे ती.