थर्माकोलचे गोळे – अठरा

पांढरं टरफल चिमटीत दबलं आणि सोडल्यावर पुन्हा थोडं फुगलं. थर्माकोल असं करत नाही – थर्माकोल चुरतो, किरकिरतो, त्याचे दाणे बोटांना चिकटून बसतात आणि झटकले तरी पडत नाहीत. हे मऊ होतं, ओलसर होतं, एका बाजूला फाटलेलं, आतून फाडलेलं. सिस्टर वाळूच्या पट्ट्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि गुडघ्यांचं म्हणणं नंतर ऐकू असं त्यांनी ठरवलं होतं. समोर वाळूत अशी आणखी टरफलं होती, आणि तिथून पाण्याकडे गेलेल्या बारीक रेघा, घाईत घातलेल्या टाक्यांसारख्या. गेली. कासवाची पिल्लं सगळी पाण्यात गेली. पाच वर्षांनी.

आणि अकरा वाजता इंजिनिअर बाई येणार होत्या.

पुलापासून जुन्या पंपघरापर्यंतचा हा दीड किलोमीटरचा काठ दगड-सिमेंटने बांधून काढायचा, वर फरशीचा रस्ता करायचा, दिवे लावायचे, असा आराखडा होता. हा तुकडा त्यातून वगळावा म्हणून सिस्टरांच्या अकरा जणांच्या मंडळाने अर्ज केला होता. आज पाहणी, आणि संध्याकाळपर्यंत अहवाल. काठ ‘दुर्लक्षित’ आहे असं बाईंनी लिहिलं की संपलं. काठ ‘सांभाळलेला’ आहे असं लिहिलं, तर राहील. एका शब्दाचा प्रश्न होता. पण सांभाळलेला काठ दिसतो कसा? दोन पुरांपूर्वी वाहून आलेलं झाडाचं खोड तिरपं पडलेलं, त्याच्यावर वाळलेल्या गवताचे पुंजके अडकलेले, पाणकणसांची गेल्या वर्षीची तपकिरी दाटी, कुजकी पानं... सिस्टरांचे हात शिवशिवले. अजून शिवशिवतात. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची इनचार्ज होते मी. माझ्या टेबलावर एक चिमटा तिरका पडलेला कोणी पाहिला नाही. पाऊण तास हातात आहे – निदान ते पुंजके तरी...

नाही.

सकाळी सून म्हणाली होती, “आई, आज तरी बऱ्या चपला घाला हो. मोठी माणसं येणार आहेत.”

“नदीला चपला दिसत नाहीत.”

“इंजिनिअरला दिसतात.”

सून हसत होती आणि तिच्याकडे पाठ करून सिस्टर पिशवीतल्या वह्या लावत होत्या. नऊ वर्षांच्या नऊ वह्या. दर रविवारी काठावरून निघण्यापूर्वी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आपण काय उचललं ते आकड्यासकट मोठ्याने सांगायचं, सिस्टरांनी लिहून घ्यायचं – बाटल्या चौदा, चप्पल एक, दोरीचे तुकडे सहा – ही पद्धत थिएटरमधून आली होती. पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचे, आकडा जुळल्याशिवाय सर्जनला दोरा द्यायचा नाही. मंडळी पहिल्यांदा हसली होती. मग त्यांना त्याचं वेड लागलं. पाऊस असो, लग्न असो, मोजणी झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही; आणि गोलात उभं राहून त्या तोंडांकडे पाहताना सिस्टरांना आतून जे वाटतं, ते निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाने सुद्धा वाटलं नव्हतं.

चौथी वही त्यांनी पिशवीतून काढली आणि कपाटात, घडी केलेल्या चादरींच्या खाली सरकवली. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या. आठ... आठ वह्या. आकडा जुळत नाही. एकतीस वर्षांत कधीही आकडा न जुळता मी दोरा दिला नाही. त्या परत फिरल्या, चादरींखालून वही काढली, आणि सुनेने “काय विसरलात?” विचारलं तेव्हा “काही नाही” म्हणाल्या.

विसरणं शक्य नव्हतंच. पाच वर्षांपूर्वीचा तो रविवार. शाळा-कॉलेजांतून माणसं बोलावली होती, चाळीस जण आले होते, आणि सिस्टरांनी शिट्टी वाजवून काठ वॉर्डासारखा लख्ख करून घेतला होता – खोडं ओढून काढली, पाणकणसं कापली, पानं भरली, वाळू दाताळ्याने सारखी केली. वाळू त्यांनी स्वतःच सारखी केली, कारण दुसऱ्याने सारखी केलेली त्यांना कधी सारखी वाटली नाही. पांढरे गोळे वर आले. पॅकिंगमधले असतात तसे, लहान, एकसारखे. उचलले, मोजले, गोणीत टाकले, आणि गोलात उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. घरी हातमोजे धुताना बोटांच्या फटीतून पिवळा, चिकट ओघळ बेसिनमध्ये उतरला. सगळेच गोळे फुटले नसतील, एखाददुसराच... तो वास. नळ चालू राहिला. कचऱ्याची गाडी दोन तासांपूर्वी गेली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी नियम सांगितला: माणसाने आणलेलं उचला, नदीने आणलेलं राहू द्या. कारण सांगितलं नाही. लोकांना नियम फार आवडला. पंपघराच्या भिंतीवर रंगवला, वर्तमानपत्रात आला, ‘सिस्टरांचा नियम’ म्हणून दुसऱ्या गावची माणसं विचारायला आली. दर वेळी कोणी वाहवा केली की त्यांची मान ताठ व्हायची आणि त्याच क्षणी बेसिनमधला तो ओघळ, वाहत्या नळाचा तो आवाज...

“सिस्टर! अहो, ध्यानाला बसलात की पाय अडकला?”

फ्रेमवाला आला होता. बाजारात त्याचं तसबिरी मढवायचं दुकान. मंडळात पहिल्या दिवसापासून, आणि बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. दोन्ही काखांत मढवलेले फोटो.

“पाय अडकला. हात दे.”

त्याने ओढून उभं केलं. टरफल सिस्टरांच्या मुठीतच राहिलं.

“हा बघा, सगळ्यांत मोठा केलाय,” तो म्हणाला. फोटोत लख्ख काठ होता, चाळीस माणसं, आणि मध्ये दाताळं रोवून उभ्या असलेल्या सिस्टर. “काय दिसताय! किल्ला जिंकल्यासारख्या.”

“हा नको दाखवूस.”

“का? माझी आठ दिवसांची मेहनत आहे.”

“काठ वाईट दिसतोय त्यात.”

फ्रेमवाल्याने फोटोकडे पाहिलं, मग समोरच्या काठाकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलणार तोच इंजिनिअर बाई उतार उतरून आल्या. सुनेच्याच वयाच्या. पायांत चिखलाचे जुने बूट. सुनेला सांगायला हवं.

“आजी, हे सगळं असंच पडलेलं असतं का?” खोडाकडे बोट करून त्यांनी विचारलं.

आजी! “पडलेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या, “ठेवलेलं आहे.”

“काडी हलवली तरी बोलणी खावी लागतात, मॅडम,” फ्रेमवाला म्हणाला. “आमची ही म्हणते, घरात काडी न हलवण्याची सवय यांना इथेच लागली.”

बाई हसल्या नाहीत. खोडाजवळ वाकल्या, बुडाशी बोट घालून पाहिलं, कशाचं तरी माप घेतलं. मग खोडावरच बसून वह्या मागितल्या. पहिली. दुसरी. पानं भराभर उलटत होत्या, आणि सिस्टरांना आपल्याच अक्षराचा अभिमान वाटत होता – नऊ वर्षांत एक रविवार रिकामा नाही, एक खाडाखोड नाही – आणि चौथी वही उघडली गेली तसा तो अभिमान आणि ती भीती एकाच जागी येऊन उभी राहिली, छातीच्या हाडाखाली, इतकी जवळ की कोणता अभिमान आणि कोणती भीती हे सांगता येईना.

बोट थांबलं. “थर्माकोलचे गोळे – अठरा? एकदम अठरा, आणि वाळूत सापडले असं लिहिलंय?”

‘हो’ म्हणता आलं असतं. फ्रेमवाला म्हणालाच, “पॅकिंगचे असतील, मॅडम, वरून वाहून येतात.”

“थर्माकोल नव्हता,” सिस्टर म्हणाल्या. आवाज मोजणीच्या वेळचा निघाला, खणखणीत. “कासवाची अंडी होती. मी वाळू सारखी केली. मीच उचलली. घरी गेल्यावर कळलं.”

पाणकणसांत पाणकोंबडी एकदा ओरडली. फ्रेमवाल्याचं तोंड उघडंच होतं. इतका वेळ ते बोलण्याशिवाय उघडं राहिलेलं सिस्टरांनी पाहिलं नव्हतं.

“आणि पाच वर्षं,” तो शेवटी म्हणाला, “आम्हाला वाळलेलं पानसुद्धा उचलू दिलं नाहीत.”

“नाही दिलं.”

“सांगायचं तरी.”

“आता सांगितलं.”

त्याने मान फिरवली. मग मोठा फोटो उचलून खोडाला टेकवला – काचेची बाजू आत करून.

“हे मला लिहावं लागेल,” बाई म्हणाल्या. “तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं. लोकांच्या हाती काठ दिला की नुकसान होतं, असा अर्थ कोणी काढेल.”

“काढू दे. मॅडम, काठ त्या दिवशी जितका स्वच्छ होता ना, तितका तुमच्या आराखड्यात कायमचा होणार आहे. तेवढंही लिहा.”

बाईंनी पेन उघडलं, पण लगेच लिहिलं नाही. सिस्टरांच्या मुठीकडे पाहत होत्या. “ते काय आहे?”

सिस्टरांनी मूठ उघडली. टरफल चेपलं होतं. हळूहळू, आपल्याआपण, ते थोडं वर आलं.

“आजचं?”

“आजचं. रिकामं. सगळी पाण्यात गेली.”

बाई उठल्या, वाळूच्या पट्ट्यापर्यंत गेल्या आणि कडेवरच थांबल्या. बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिल्या. मग मागे वळून, कागदावर पेन टेकवून, त्यांनी विचारलं, “किती होती, सिस्टर?”

सिस्टरांनी तोंड उघडलं. आकडा असायलाच हवा होता. सकाळपासून त्या इथे बसल्या होत्या, टरफलं समोर होती, आणि... नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांसमोर असलेली वस्तू त्यांनी मोजली नव्हती. फ्रेमवाला त्यांच्याकडे बघत होता, बाई वाट पाहत होत्या, अहवालातला तो एक शब्द अजून कोणत्याही बाजूला पडू शकत होता. चार पावलं पुढे जाऊन मोजणं सहज शक्य होतं. पण चार पावलं पुढे म्हणजे त्या रेघांवरूनच.

“मोजली नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि मान ताठ झाली – नेहमीसारखीच. फक्त या वेळी नळ वाहिल्याचा आवाज आला नाही. वाहत होती ती नदीच. किंवा आवाज येत असेल, आणि त्या तो तसाच राहू देत असतील.