पैठणीवर शर्ट

मी सरूबाई. भांडगावजवळच्या वस्तीवर आमची झेंडू-शेवंती हाय, आन् बांधापलीकडं थोडी ज्वारी. रानात जाताना साडीवर गडीमाणसाचा शर्ट घालायची आमच्याकडं सगळ्याच बायकांची रीत. बाकीच्या नवऱ्याचा विटका शर्ट घालत्यात. मी न्हाई. मी केडगावच्या बाजारातनं कापड आणते, पोपटी रंगाचं, वर ही एवढाली लाल फुलं, आन् शिवून घेते. चार खिसे, कॉलर ताठ. नवऱ्याचं उतरलेलं मी का म्हणून घालू? लांबनंच बाया म्हणत्यात, "ती बघा सरू निघाली."

तर यंदा आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा बायकांसाठी निघाली आन् मी फॉर्म भरला. कुणी भरायला लावला न्हाई, माझा मी भरला. आमची पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. फुलांचं क्रेट डोक्यावर घेऊन रानातनं डांबरीवर यायचं तर बाया घसरून पडत्यात. गेल्या साली माझी जाऊ सविता पडली, हात मोडला तिचा. तो रस्ता मला करायचाच होता. त्यासाठी जिंकायचंच होतं, उगं कशाला लपवू?

पण आमच्या मालकांच्या, पोपटरावांच्या, अंगात पुढारी शिरला. पांढरे कडक कपडे, डोळ्याला गॉगल. मला म्हणाले, "आता तू उमेदवार हायेस. ते पोपटी ध्यान बंद." मला पैठणी नेसवली, नथ घातली, स्टुडिओत नेलं. त्या फोटोवाल्यानं मला इतकी गोरी केली की माझी मलाच वळख पटंना. फ्लेक्सवर मालकांचा फोटो माझ्या दुप्पट! भाषण बी कागदावर लिहून दिलं, "आपण आम्हांस भरघोस मतांनी विजयी करावे."

आन् मी ऐकलं! तिथंच माती खाल्ली. वाटलं, निवडून यायचं म्हंजी असंच दिसावं लागत असंल.

चार दिवस दारोदार फिरले. कालपर्यंत ज्या "ए सरे, मिसरी हाय का गं?" म्हणायच्या, त्या "बसा ताई" म्हणायला लागल्या. तुळजाआत्याला डोळ्यानं कमी दिसतं. तिच्या दारात मी कागदातलं सगळं धडाधडा म्हणून टाकलं. ती म्हणाली, "बरं बाई, बघू." बघू म्हंजी न्हाई, हे काय मला कळत न्हाई व्हय?

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी जीव लई गुदमरला. म्हणलं, घटकाभर रानात जाऊन यावं. शर्ट बघते तर खुंटीवर न्हाई. तशीच पैठणीत गेले. ज्वारीच्या बांधावर तुळजाआत्या काठी टेकून उभी, आन् कुणाशी तरी बोलतीय. पुढं जाऊन बघते तर काय, माझा पोपटी शर्ट! मी परत घालू नये म्हणून मालकांनी तो बुजगावण्याला चढवला होता.

"सरे," आत्या त्या बुजगावण्याला सांगत होती, "काल एक नथवाली आलती मत मागाया. लई पुस्तकी बोलत व्हती. बाया म्हणत्यात, तीच सरू हाय. म्या म्हणलं, तोंडं सांभाळा. आमची सरू तसली न्हाई. पर तू का येईनास गं दारात? रुसलीस व्हय?"

मला हसू फुटलं आन् रडू बी, दोन्ही एकदमच. बुजगावण्याचा शर्ट उतरवला, झटकला आन् पैठणीवरच घातला. आत्या दचकली. "आगं बया, दोन दोन सरू कशा?"

"एकच हाय आत्या. नथवाली बी मीच व्हते."

"मग तसलं का बोललीस, भवाने?"

"पाणंद करायची हाय. म्हणलं, जिंकायला तसंच बोलावं लागतं."

"मग पाणंद करायची हाय, एवढंच सांगावं की!"

तिथनं जी निघाले ती बांधाबांधानं. जिथं बाया फुलं तोडत होत्या तिथं त्यांच्यासंगं तोडली, आन् रस्त्याचं बोलले. कागद कवाच ओढ्यात गेला. वाटेत मालक आडवे आले. "आगं, पैठणीवर शर्ट? लोक हसत्याल!"

"हसू द्या. चार दिवस कुणी हसलंच न्हाई माझ्याशी."

दौंडला मतमोजणी झाली. तेवीस मतांनी आले मी! मालकांना कोण आनंद! गळ्यात चार हार पडले, माझ्या न्हाई, त्यांच्याच. मतमोजणीच्या साहेबांनी आवाज दिला, "विजयी उमेदवार, सहीला या." मालक गॉगल सावरत तरातरा निघाले.

मी दंडाला धरून त्यांना मागं घेतलं. म्हणलं, "अवं, तुम्ही हार सांभाळा. सही माझी लागती."