तीन एक्के आणि पालथा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. आमच्या शिरूर अनंतपाळकडे मला टिपाड म्हणतात. आज मी घरामागे गंज खात पडलो आहे, पण त्याचं मला दुःख नाही. मला एका दुपारची लाज वाटते. तीच तुम्हाला सांगतो.

लातूरच्या एका तेलगिरणीत मी गोडं तेल वाहिलं आणि पोचे पडल्यावर लालमहंमदच्या भंगाराच्या दुकानात आलो. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. व्यंकटीनं मला विकत घेतलं. त्याची बायको कोंडाबाई हिनं राखेनं घासून माझा तेलाचा वास घालवला. माझ्या तोंडाला ती स्वच्छ फडकं बांधायची आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायची.

पुढे दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गाव टँकरवर आलं. नवा जिल्हा झालाय, आता टँकर वेळेवर येईल, असं सगळे म्हणत. तो मात्र त्याच्या मर्जीनं येई. रांगेत बसून करायचं काय? माणसं मला पालथं घालून माझ्यावर तीन पत्ती खेळू लागली. चार-आठ आण्यांचाच डाव असायचा. उपडी ठेवलेली पानं मला दिसत, म्हणून मला भारी गंमत वाटे. पाणी भरणं हे माझं काम, पण मी तर टेबल होऊन मिरवत होतो.

व्यंकटीची एक खोड होती. चांगली पानं आली की तो मोठी रक्कम लावायचा. मग बाकीचे घाबरून पानं टाकून द्यायचे आणि त्याच्या हाती चिल्लरच लागायची. त्याच्या हातात एक्का आला की अख्ख्या गावाला कळतं, असं शेजारचा खाजामियाँ चिडवायचा. व्यंकटीला ते फार लागलं होतं.

त्या दुपारी त्याची लेक पंचशीला घरी बाळंतीण होती. घरात पाणी नव्हतं. ड्रम भरल्याशिवाय परतू नका, असं कोंडाबाईनं बजावलं होतं.

आणि टँकरची वाट बघत रांगेत खेळताना व्यंकटीला तीन एक्के आले. या खेळात त्याहून मोठं काही नाही. मोठी रक्कम लावली असती तर डाव तिथंच मिटला असता. पण त्याला खाजामियाँचं बोलणं आठवलं. त्यानं तोंड पाडून आठ आणे टाकले. समोरचा चंद्रप्पा फसला, त्यानंही टाकले. डाव लांबत गेला.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. खाजामियाँनं हातातली पानं टाकली.

"व्यंकटी, डाव सोड. आधी पाणी घे," तो म्हणाला.

चंद्रप्पाची पोरं पाणी भरत होती, त्याला घाई नव्हती. कोंडाबाई धावत आली. व्यंकटी मान वर न करता म्हणाला, "आलो गं, एकच चाल राह्यली."

अशा किती चाली झाल्या. मी सरकलो असतो, लवंडलो असतो, तर पानं उधळली असती. पण खरं सांगतो, मलाही डाव बघायचा होता.

व्यंकटी जिंकला. मला गडगडवत तो टँकरपाशी गेला, तेव्हा पाइपातून थेंब गळत होते.

घरी त्यानं चिल्लर कोंडाबाईपुढे धरली. ती शांतपणे म्हणाली, "बाळंतिणीला हे उकळून देऊ काय?" आणि तिनं सगळी नाणी माझ्या रिकाम्या पोटात टाकली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी खाजामियाँची बायको रहमतबी स्वतःची घागर घेऊन आली. त्या पाण्यात बाळाला न्हाऊ घातलं. व्यंकटी बाहेर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

ती नाणी त्यानं कधी काढली नाहीत. पाणी तळाला गेलं की तांब्या त्यांच्यावर वाजायचा. तो वाजला की व्यंकटी हातातलं काम टाकून उठायचा आणि मला घेऊन रांगेला जायचा.

मित्रांनो, आता माझं बूड गळतं, तरी नाणी तिथंच चिकटून आहेत. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पालथा घालू नका. रिकामा असला तरी त्याचं तोंड वर असू द्या.