मेरीमातेला वाचवणारा सरदार

सरदार गोशेचं वैर आमच्या जहागीरदाराशी, पण जाळायला आला तो आमचं गाव. पवित्र वस्तूला धक्का लावणार नाही, अशी शपथ त्याने सरदारकी घेताना वाहिली होती. म्हणून धान्य आम्ही चर्चमध्ये ठेवलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूलाही.

गोशेने शिरस्त्राण काढलं, आत गेला आणि मेरीमातेची लाकडी मूर्ती स्वतः उचलून बाहेर घेऊन आला. गुडघे टेकून त्याने तिच्या पायांचं चुंबन घेतलं.

"आता आत पवित्र काही उरलं नाही," तो आपल्या माणसांना म्हणाला. "लावा आग."

"अहो, माझी सासू आहे आत," म्हणत मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, तोही अगदी अदबीने.

परवा जत्रेत एक भाट गात होता, गोशेने जळत्या चर्चमधून मेरीमाता कशी वाचवली ते. बायका डोळे पुसत होत्या.

"आग कुणी लावली, आत माझी सासू कशी जळाली, तेही गा की मेल्या," मी म्हणाले.

"मावशी, हे गाणं मला उद्या त्याच्यासमोर गायचंय. तुझ्या सासूसमोर नाही."

मूर्ती आता गोशेच्या गढीत आहे. तिच्यापुढची मेणबत्ती तो रोज स्वतःच्या हाताने पेटवतो.